कॉम्पॅक्ट पिस्तुलात बसवलेला नवा ट्रिगर पुढे परत येत नाही

धागाकर्ता :

नमस्कार. माझ्याकडे तिसऱ्या पिढीचे ग्लॉक १९ आहे आणि ते मी केवळ नेमबाजीच्या सरावासाठी वापरतो. गेल्या महिन्यात मी त्यात बाहेरच्या उत्पादकाचा ट्रिगर बसवला. बसवण्याचे काम वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले. पण आता जो दोष दिसतो आहे तो अंगावर काढण्यासारखा नाही, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगतो.

ट्रिगर बदलण्याचे कारण हलकेपणा हे नव्हते. १९ च्या मूळ ट्रिगरच्या दर्शनी भागावर उभ्या खाचा असतात. दीडशे-दोनशे फैरी झाल्या की तर्जनीचे पेर लाल होते आणि त्यानंतर मी नकळत बोट आखडून चाप ओढू लागतो, त्यामुळे गोळ्या लक्ष्याच्या खाली डावीकडे जातात. सपाट आणि गुळगुळीत ट्रिगर मिळावा एवढीच माझी इच्छा होती. जो संच घेतला त्यात सपाट ॲल्युमिनियमचा ट्रिगर, त्याला जोडलेला ट्रिगर बार (ट्रिगरची हालचाल मागे पोहोचवणारी दांडी), साडेतीन पाउंडी म्हणून विकला जाणारा कनेक्टर (बारला खाली दाबणारा छोटा तिरपा पत्रा), सहा पाउंडी ट्रिगर स्प्रिंग आणि चार पाउंडी स्ट्रायकर स्प्रिंग (स्ट्रायकर म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी कांडी) असे सर्व एकत्र आले. संच आहे तर पूर्णच बसवावा, या विचाराने मी सगळे भाग एकाच बैठकीत बदलले.

काम कसे केले तेही सांगतो, म्हणजे चूक तिथेच असेल तर जाणकारांच्या लक्षात येईल. प्रथम मॅगझीन काढले, मग स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) तीन वेळा मागे ओढली, ती मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहिले आणि करंगळीचे टोक घालून खात्री केली. काडतुसे आधीच दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवली होती. या पिस्तुलाची स्लाइड उतरवण्यापूर्वी चाप दाबावाच लागतो, त्यामुळे रिकामेपणाची खात्री मी दुसऱ्यांदा केली आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच चाप दाबला. त्यानंतर अडीच मिलिमीटरच्या आसपासचा पंच घेऊन डावीकडून उजवीकडे पिना काढल्या : आधी लॉकिंग ब्लॉकची वरची बारीक पिन, मग ट्रिगरची पिन, शेवटी मागच्या ट्रिगर हाउसिंगची (बारचे मागचे टोक ज्यात बसते त्या घराची) पिन. ट्रिगरची पिन हलेना, तेव्हा हातोडी न वापरता स्लाइड स्टॉपचा लिव्हर पुढेमागे हलवत राहिलो. एका विशिष्ट जागी आला की पिन बोटाच्या दाबानेही सरकते. परत जोडताना लॉकिंग ब्लॉकची पिन सर्वांत शेवटी घातली आणि स्लाइड स्टॉपची बारीक स्प्रिंग त्या पिनेच्या खालून गेली आहे ना, ते दोनदा पाहिले.

पहिल्या ऐंशी फैरींपर्यंत सर्व उत्तम चालले. त्यानंतर मात्र असे होऊ लागले की गोळी सुटते, स्लाइड मागे जाऊन पुढे येते, मी बोट सैल करतो आणि ट्रिगर अर्ध्या वाटेत थांबतो. मागून नखाने हलकेच पुढे लोटला की टक् असा आवाज होऊन जागेवर येतो. घरी रिकाम्या पिस्तुलावर नळी वर धरून पाहिले, तर साधारण तीनदा केले की एकदा असे घडते. बार घासत असेल का? की पिना बसवताना काही राहिले असेल? मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :

कारण शोधण्याआधी कृपया एक करा : या स्थितीत आणखी एकही काडतूस चेंबरमध्ये भरू नका.

आपण याला चालण्यातला अडथळा समजत आहात असे लेखनावरून वाटते, पण हा प्रथमतः सुरक्षेचा दोष आहे. ट्रिगरच्या मधोमध जी लहान पट्टी असते ती ट्रिगर पूर्ण पुढे असतानाच फ्रेमला अडते. अर्ध्या वाटेतल्या ट्रिगरची पट्टी कशालाही अडत नाही. ट्रिगर बारच्या मागच्या टोकाला अधिक चिन्हासारखा जो भाग आहे, त्याची एक बाजू हाउसिंगमधल्या काठावर टेकलेली असते आणि पिस्तूल पडले तरी बार खाली जाऊ शकत नाही. परंतु बार जसजसा मागे सरकतो तसतसा तो काठ संपत येतो. म्हणजे आपला ट्रिगर मध्येच थांबतो तेव्हा तीन सुरक्षांपैकी एक गेलेली असते, दुसरी किती उरली आहे ते सांगता येत नाही, आणि सगळा भरवसा फायरिंग पिन, म्हणजे स्ट्रायकर, अडवणाऱ्या तिसऱ्या सुरक्षेवर येऊन पडतो. तीही बारवरच्याच उंचवट्याने, बार मागे सरकताना, उघडते, हे विसरता येत नाही.

आणि नखाने ट्रिगर पुढे लोटणे हे भरलेल्या पिस्तुलावर कधीही करू नये. त्यासाठी बोट ट्रिगर गार्डच्या आत, ट्रिगरच्या मागे घालावे लागते. ते बाहेर काढताना काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

प्रतिसाद २ :

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. आता कारणाकडे वळतो. आपल्या जोडणीत चूक दिसत नाही; चूक स्प्रिंगच्या निवडीत आहे, आणि ती संच विकणाऱ्याने आपल्यासाठी करून ठेवली आहे.

बहुतेकांची समजूत अशी असते की ट्रिगरची स्प्रिंग ट्रिगरला पुढे ढकलते. इतर बऱ्याच यंत्रणांत ते खरेही आहे. ग्लॉकच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत मात्र नेमके उलटे आहे. तिथली गुंडाळीची स्प्रिंग एका टोकाने हाउसिंगला आणि दुसऱ्या टोकाने बारला अडकवलेली असते, आणि ती बारला मागे ओढते. म्हणजे चाप ओढताना ती आपल्या बोटाला मदत करते. म्हणूनच अधिक ताकदीची ट्रिगर स्प्रिंग बसवली की चाप हलका होतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते. (ही स्प्रिंग बसवताना बाजूने पाहिल्यावर तिचा आकार एस अक्षरासारखा दिसला पाहिजे, उलटी बसवली तर आकडा बारला घासत राहतो आणि पुढेमागे तुटतो. आपण हे एकदा तपासावे.)

मग ट्रिगरला पुढे कोण आणते? स्ट्रायकरची स्प्रिंग. या पिस्तुलात स्लाइड पुढे येते तेव्हा स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो आणि त्याचा खालचा दात बारच्या मागच्या टोकावर टेकलेला असतो. स्ट्रायकरची स्प्रिंग त्या दाताला पुढे रेटते, दात बारला पुढे रेटतो आणि बार ट्रिगरला. चाप ओढताना बोटाला जो विरोध जाणवतो त्यातला मोठा भाग हाच आहे. कारण बोटाने उरलेला अर्धा ताण भरायचा असतो. बार मागे येता येता कनेक्टरच्या तिरप्या पृष्ठभागावर चढतो, त्या तिरकसपणामुळे खाली दबतो, दात सुटतो आणि स्ट्रायकर पुढे झेपावतो. स्लाइड मागे जाताना कनेक्टरला आत ढकलते, बार उसळून वर येतो आणि परत येणाऱ्या स्ट्रायकरचा दात पकडतो. आपण बोट सैल केल्यावर बार पुढे सरकतो आणि कनेक्टर पुन्हा त्याच्या मागे बाहेर येतो. तोच आपल्याला ऐकू येणारा टक् आवाज, म्हणजे रिसेट.

आता बेरीज-वजाबाकी करा. ट्रिगरला पुढे आणणारे बळ म्हणजे स्ट्रायकर स्प्रिंगच्या बळातून ट्रिगर स्प्रिंगचे बळ आणि सगळे घर्षण वजा करून जे उरेल ते. कारखान्यातून येताना स्ट्रायकर स्प्रिंग साडेपाच पाउंडांच्या आसपास असते आणि ट्रिगर स्प्रिंग पाचच्या आसपास. दोघी एका रेषेत आणि एकाच तरफेवर काम करत नाहीत, त्यामुळे नुसते आकडे वजा करून नेमके उत्तर मिळणार नाही, पण दिशा कळते. आपण पुढे ढकलणारी स्प्रिंग चारवर आणली आणि मागे ओढणारी सहावर नेली. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी शिल्लक खाल्ली. जे थोडे बळ उरले होते ते स्वच्छ, तेल लावलेल्या पिस्तुलाला पुरले. ऐंशी फैरींची काजळी जमल्यावर पुरेनासे झाले. नळी वर धरल्यावर ट्रिगरचे स्वतःचे वजनही त्याला मागे ओढते, म्हणून तिथे दोष अधिक दिसतो. आपण नकळत अगदी योग्य चाचणी केली आहे.

उपाय सोपा आहे : मूळ स्ट्रायकर स्प्रिंग परत बसवा. तेवढ्याने भागले नाही तर मूळ ट्रिगर स्प्रिंगही. ट्रिगर आणि कनेक्टर राहू द्या.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. पिस्तूल रिकामे करून बाजूला ठेवले आहे. ट्रिगर मागे ओढणारी स्प्रिंग ही गोष्ट मला खरोखर ठाऊक नव्हती. हाउसिंग पुन्हा काढून बोटाने बार हलवून पाहिला, तेव्हा स्प्रिंगची ओढ स्पष्ट कळली. तिचा आकार एससारखाच आहे.

ओढ मोजण्याचा काटा माझ्याकडे आहे. मूळ भाग असताना दहा वेळा ओढून सरासरी २.६ किलो आली होती, संच बसवल्यावर १.५ किलो. त्या वेळी हा आकडा पाहून मला समाधान वाटले होते, हे मान्य करतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नव्या ट्रिगरवर दोन बारीक स्क्रू आहेत, एक सुरुवातीची मोकळी चाल कमी करण्यासाठी आणि दुसरा गोळी सुटल्यानंतर ट्रिगर मागे जाण्यावर मर्यादा घालण्यासाठी. पहिला स्क्रू मी बराच आत घेतला आहे, त्यामुळे चाप हाताला आखूड लागतो. याचा परिणाम होऊ शकतो का?

प्रतिसाद २ :

काट्याबद्दल एक सूचना. काट्याची दांडी दर वेळी ट्रिगरवर एकाच उंचीवर टेकवा. ट्रिगर वरच्या पिनेभोवती फिरतो. दांडी जितकी खाली तितकी तरफ लांब आणि आकडा कमी. वक्र ट्रिगरमध्ये दांडी आपोआप मधल्या खळग्यात बसते, सपाट ट्रिगरवर ती टोकाकडे घसरते, आणि मग दोन ट्रिगरची तुलना खरी राहत नाही. सपाट ट्रिगर हलके वाटतात याचे एक कारण हेच आहे की बोटही त्यांवर थोडे खाली टेकते. साडेतीन पाउंडी कनेक्टरच्या नावाचेही असेच. ग्लॉकने स्वतः आपल्या त्या कनेक्टरला पुढे साडेचार पाउंडी म्हणायला सुरुवात केली, कारण मूळ स्प्रिंगसह प्रत्यक्ष ओढ त्याच्या जवळपास येते.

स्क्रूच्या प्रश्नाचे उत्तर पुढील सभासदांनी द्यावे, त्यांचा त्या विषयाचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे.

प्रतिसाद ३ :

होय, परिणाम होतो, आणि मोठा होतो. या धाग्यात मला सर्वांत काळजी वाटली ती या पहिल्या स्क्रूची.

मोकळी चाल म्हणजे फुकट गेलेले अंतर नव्हे. त्या अंतरातच बारवरची सुरक्षेची पकड क्रमाक्रमाने सोडली जाते. स्क्रू आत घेतला की विश्रांतीच्या स्थितीतच ट्रिगर थोडा मागे उभा राहतो, आणि त्याबरोबर बारही. स्ट्रायकरचा दात आणि बार यांची एकमेकांवरची पकड किती आहे हे पाहण्यासाठी स्लाइडच्या मागची बंद पट्टी काढून तिथे खिडकी असलेली तपासणीची पट्टी बसवतात. रिकाम्या पिस्तुलावर चाप सज्ज करून मागून उजेड टाकला की बारची वरची कड दातावर किती चढली आहे ते दिसते. ती दाताच्या निम्म्याहून स्पष्टपणे जास्त उंचीला भिडलेली असावी. कडेला जेमतेम टेकलेली दिसली तर तो स्क्रू त्याच क्षणी बाहेर घ्यावा, चाप हाताला कितीही सुखद लागत असला तरी.

त्याच वेळी मधली पट्टी तपासा. दोन बोटांनी ट्रिगरच्या फक्त कडा धरून, पट्टीला स्पर्श न करता, ट्रिगर मागे ओढा. तो हलता कामा नये. स्क्रूमुळे ट्रिगर मागे उभा राहत असेल तर पट्टीचे टोक फ्रेमच्या काठावरून निसटते आणि ट्रिगर सरळ मागे येतो. असे होत असेल तर आपल्या पिस्तुलाला ट्रिगरची सुरक्षा नाही, ट्रिगर पूर्ण पुढे आलेला असतानाही.

इथे एक ठाऊक असलेले उदाहरण देणे योग्य ठरेल. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात सिग सॉअर कंपनीने आपल्या पी३२० पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा योजना जाहीर केली. विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडल्यास पिस्तुलातून गोळी सुटू शकते, असे तेव्हा चाचण्यांत दिसून आले होते. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबते, पण आतला ट्रिगर आपल्याच वजनाच्या जडत्वाने मागे जात राहतो. म्हणजे कोणीही बोट न लावता चाप ओढला जातो. सुधारणेत ट्रिगर, सिअर (स्ट्रायकरला धरून ठेवणारा खटका) आणि स्ट्रायकर यांचे वजन कमी केले गेले आणि एक वेगळा डिस्कनेक्टर (ट्रिगर आणि सिअर यांचा संबंध तोडणारा भाग) घातला गेला. त्या ट्रिगरला मधली पट्टी नव्हती. आपल्या ग्लॉकमध्ये ती आहे, आणि ती वजनाने अगदी हलकी असून स्वतःच्या स्प्रिंगवर उभी असल्यामुळे अशा धक्क्यात ट्रिगरला जागच्या जागी अडवून धरते. पण प्लास्टिकच्या जागी धातूचा जड ट्रिगर, त्याला मागे ओढणारी जास्त ताकदीची स्प्रिंग, पुढे ढकलणारी अशक्त स्प्रिंग आणि स्क्रूमुळे कमी झालेली पकड, हे चारही एकत्र आले तर पिस्तूल बनवणाऱ्याने ठेवलेली सुरक्षेची शिल्लक आपण चारही बाजूंनी कुरतडतो.

दुसरा स्क्रू, म्हणजे मागची मर्यादा, त्यामानाने कमी धोक्याचा आहे. तो जास्त आत गेला तर बार पूर्ण खाली दबत नाही आणि गोळीच सुटत नाही. पिस्तूल स्वच्छ असताना सुटते आणि मळल्यावर सुटत नाही, असा लहरी दोष दिसला तर आधी हा स्क्रू पाहावा. दोन्ही स्क्रू नीट लागल्यावर त्यांच्या आट्यांना पकड घट्ट करणाऱ्या द्रावणाचा अगदी लहान थेंब लावावा आणि डोक्यावरून बाजूला रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असे समजावे.

प्रतिसाद ४ :

मी थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या स्पर्धेच्या पिस्तुलात गेली दोन वर्षे चार पाउंडी स्ट्रायकर स्प्रिंग आहे आणि अशी अडचण कधी आली नाही. स्प्रिंगलाच दोष देणे मला घाईचे वाटते.

प्रतिसाद २ :

आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आपण ट्रिगर स्प्रिंग कोणती ठेवली आहे ते सांगावे. ती मूळ पाच पाउंडी असेल तर पुढे आणणारे बळ आपल्याकडे यांच्यापेक्षा जास्त शिल्लक आहे. शिवाय आपण स्पर्धेत बहुधा मऊ प्रायमरची (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) ठरावीक काडतुसे वापरत असाल. अशक्त स्ट्रायकर स्प्रिंगचा दुसरा परिणाम म्हणजे प्रायमरवर पडणारा उथळ ठसा. कठीण प्रायमर आले की नुसतेच टक् वाजते आणि गोळी सुटत नाही. एक साधी तुलना घरी करता येते. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत खोडरबर असलेली पेन्सिल, रबर मागच्या बाजूला येईल अशी सोडायची, नळी सरळ वर धरायची आणि चाप ओढायचा. दोन स्प्रिंगमध्ये पेन्सिल किती उंच उडते यातला फरक डोळ्यांना दिसतो. हे मोजमाप नव्हे, पण आपण काय गमावले याची कल्पना देते.

प्रतिसाद ४ :

ट्रिगर स्प्रिंग मूळचीच आहे, आणि काडतुसेही एकाच प्रकारची वापरतो. आपला मुद्दा पटला.

प्रतिसाद ५ :

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी कॉम्पॅक्ट आहे. हेच गणित तिथेही लागू पडते का?

प्रतिसाद २ :

नाही, आणि हे विचारले ते फार चांगले केले. त्या पिस्तुलात स्लाइड पुढे येतानाच स्ट्रायकर जवळजवळ पूर्ण ताणला जातो आणि वेगळा सिअर त्याला धरून ठेवतो. ट्रिगरची परतीची स्प्रिंग ट्रिगरला पुढे आणते. तिथे जास्त ताकदीची ट्रिगर स्प्रिंग घातली तर चाप जड होतो आणि रिसेट जोमदार होतो, म्हणजे परिणाम ग्लॉकच्या उलटा. ग्लॉकच्याही पाचव्या पिढीत, म्हणजे २०१७ पासून, ट्रिगर स्प्रिंगची रचना बदलली आहे आणि जुने सुटे भाग तिथे बसत नाहीत. एका पिस्तुलाची कृती वाचून दुसऱ्यावर हात घालू नये.

प्रतिसाद ६ :

पिस्तूल स्वसंरक्षणासाठी बाळगले जात असेल तर माझा सल्ला मूळ ट्रिगरच ठेवण्याचा आहे. धागाकर्त्यांचा वापर सरावापुरता आहे, म्हणून त्यांना लागू नाही. परंतु हा धागा पुढे इतर लोकही वाचतील. भीतीच्या क्षणी बोटाला दीड किलो आणि अडीच किलो यांतला फरक जाणवत नाही, पिस्तुलाला मात्र जाणवतो. म्यानात परत ठेवताना सदऱ्याचे टोक किंवा जाकिटाची दोरी ट्रिगर गार्डमध्ये शिरली तर हलका आणि आखूड चाप सावरायला वेळ देत नाही. शिवाय असे बदल आपापल्या ठिकाणच्या कायद्यात आणि परवान्याच्या अटींत बसतात का, ते आधी पाहावे लागते.

धागाकर्त्यांना एक माहिती द्यावीशी वाटते. १९ च्या ट्रिगरवरच्या खाचा नेमबाजाच्या सोयीसाठी आलेल्या नाहीत. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याखाली आयात होणाऱ्या पिस्तुलांना आकार आणि वैशिष्ट्यांनुसार ठरावीक गुण मिळवावे लागतात, आणि लहान आकाराच्या पिस्तुलाचे गुण भरून काढण्यासाठी खाचांचा ट्रिगर बसवला गेला. मोठ्या ग्लॉक १७ चा ट्रिगर गुळगुळीत असतो आणि त्याच पिढीच्या १९ मध्ये तो बारसकट जसाच्या तसा बसतो. आपल्याला फक्त बोटाचा त्रास टाळायचा असेल तर तो मार्गही आहे, आणि त्यात कारखान्याच्या सुरक्षेला कुठेच हात लागत नाही.

प्रतिसाद ३ :

वरील सूचना उत्तम आहे. मात्र आपण सध्याचाच ट्रिगर ठेवणार असाल, तर काडतूस भरण्याआधी रिकाम्या पिस्तुलावर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. कडा धरून ट्रिगर ओढणे, तो हलू नये. मग नेहमीप्रमाणे चाप ओढणे, स्ट्रायकर सुटावा. चाप दाबूनच ठेवून स्लाइड पूर्ण मागे घेऊन जोरात सोडणे, स्ट्रायकर सुटू नये; असे निदान दहा वेळा. प्रत्येक वेळी बोट अगदी हळू सैल करणे, नळी आडवी, खाली आणि वर अशा तिन्ही स्थितींत, आणि ट्रिगर बोटाचा पाठलाग करत पूर्ण पुढे यावा. स्लाइड उतरवल्यावर स्ट्रायकर अंगठ्याने मागे घेऊन सावकाश पुढे आणायचा आणि मग पुढे दाबायचा; सुरक्षेची गोल खुंटी न दाबता त्याचे टोक बाहेर येता कामा नये.

त्यानंतर मैदानावर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस, मग दोन, आणि ते काही वेळा. पकड ढासळली असेल तर दुसरी गोळी आपोआप सुटते, आणि ती दहावी असण्यापेक्षा दुसरी आणि शेवटची असलेली बरी.

धागाकर्ता :

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. उशीर झाला, कारण घाई करायची नाही असे ठरवले होते.

तपासणीची पट्टी मागवून पाहिले, आणि जे दिसले ते पाहून अंगावर काटा आला. बारची कड दाताच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जेमतेम पोहोचत होती. पिवळट उजेडात दोन चकचकीत कडा एकमेकींना नुसत्या स्पर्श करून उभ्या असाव्यात तसे ते दिसत होते. कडा धरून ट्रिगर ओढला तर तो मागे आला. म्हणजे गेला महिनाभर मी मधल्या पट्टीच्या सुरक्षेवाचून गोळ्या झाडत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण बसवल्यानंतर मी फक्त एकच तपासणी केली होती : चाप ओढल्यावर टक् वाजते का. पहिला स्क्रू चौथाई फेऱ्यांनी बाहेर घेत गेलो आणि दर वेळी पट्टीतून पाहत गेलो. सव्वा फेरी बाहेर आल्यावर पकड दाताच्या दोन-तृतीयांशापलीकडे गेली आणि ट्रिगर कडांनी हलेनासा झाला. तिथेच तो थांबवून, थेंब लावून, पांढरी रेघ ओढली.

स्ट्रायकरची मूळ स्प्रिंग परत घातली. तेवढ्याने नळी वर धरूनही ट्रिगर पुढे येऊ लागला. पण वीस वेळांत एकदा तो शेवटच्या दोन मिलिमीटरांत रेंगाळतो असे वाटले, म्हणून ट्रिगर स्प्रिंगही मूळचीच बसवली. ते करताना एक गोष्ट लक्षात आली. बारचा मागचा आकडा आणि कनेक्टर जिथे एकमेकांना घासतात, तिथे पुस्तिकेप्रमाणे तेलाचा एक थेंब हवा असतो. ती जागा माझ्याकडे कोरडी होती, आणि स्ट्रायकरच्या नळीत, जिथे तेल मुळीच नको, तिथे काजळी मिसळलेला काळा चिकटा होता. बहुधा मी पिस्तुलाची नळी साफ करताना ते तेल मागे उतरले असावे. स्ट्रायकरची नळी कापडाच्या सुक्या चिंधीने पुसून कोरडी केली.

आता ओढ, दांडी प्रत्येक वेळी ट्रिगरच्या मध्यावर ठेवून, दहा वेळांची सरासरी २.१ किलो आहे. पूर्वीच्या दीड किलोच्या मानाने जड, पण बोटाला त्रास नाही आणि रिसेट इतका ठसठशीत आहे की तो मला पूर्वी कधी जाणवलाच नव्हता. मैदानावर आधी एक, मग दोन काडतुसे, प्रत्येकी पाच वेळा. त्यानंतर दोन दिवसांत मिळून तीनशे फैरी, मध्ये साफसफाई न करता. ट्रिगर एकदाही अडला नाही. पांढरी रेघ अखंड आहे, दोन्ही दिवशी भिंगातून पाहिली.

चार आणि सहा पाउंडी स्प्रिंग पाकिटात घालून, वर त्यांचे नाव आणि काढल्याची तारीख लिहून ठेवली आहे. आता १७ चा गुळगुळीत ट्रिगर मिळतो का ते पाहतो आहे. मिळाला तर हाही उतरवून त्याच काट्याने, त्याच जागी दांडी टेकवून दोन्ही मोजीन आणि आकडे इथे देईन.